स्कॉटलंडमध्ये आईबाबांना झेपेल अशी जंगल, तळं आणि पडका किल्ला असलेली पायवाट कोणती?

लीथकर:
नमस्कार मंडळी. मी एडिनबराला असते. आईबाबा नाशिकहून २४ सप्टेंबरला येत आहेत, मुक्काम तीन आठवडे. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर पाच किलोमीटर आरामात चालतात, पण उतार आणि पायऱ्या नकोत. गडकिल्ल्यांची आवड दांडगी. झाडी, पाणी आणि भग्न किल्ला तिन्ही एका फेरीत मिळेल अशी वाट सुचवा. गाडी भाड्याने घेता येईल, पण रोज नाही. पावसात काय करायचं तेही सांगा.

रानवाट:
तिन्ही एकत्र हवं असेल तर केर्नगॉर्म्स डोंगररांगेतलं लॉख अन एलिन ('लॉख' म्हणजे तळं). एव्हिमोरपासून साधारण ५ किमी, रॉथिमर्कसच्या रानात. तळ्याभोवतीची फेरी ५ किमीच्या आसपास आहे. वाट रुंद, बारीक खडीची, मोठा चढ कुठेच नाही. काही ठिकाणी पाइनची मुळं वर आलेली आहेत आणि ओली असली की ती साबणासारखी होतात. गुडघेदुखीवाल्याचा पाय चढापेक्षा तिथेच घसरतो, म्हणून काठी न्याच, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे बाबांच्या डाव्या हातात धरायची.

दिशा महत्त्वाची. गाडीतळ तळ्याच्या उत्तर टोकाला आहे. तिथून पश्चिम काठाने निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत किल्ला समोर येतो. बाबा दमले तर तिथूनच परत फिरता येतं आणि मुख्य गोष्ट पाहून झालेली असते. उलट दिशेने गेलात तर किल्ला शेवटी येतो, आणि तोवर गुडघा बोलायला लागला तर मागे फिरणंही तेवढंच लांब. दक्षिण टोकाला लॉख गॅम्ना या छोट्या तळ्याकडे एक फाटा जातो. तो अरुंद आणि चिखलाचा आहे, तुम्ही सोडून द्या.

किल्ला तळ्यातल्या बेटावर आहे, त्यामुळे फक्त काठावरून बघायचा. पूर्वी काठापासून बेटापर्यंत दगडी बांध होता म्हणतात. अठराव्या शतकात तोडलेले ओंडके नदीतून खाली सोडण्यासाठी तळ्याचं पाणी अडवून पातळी वाढवली, तेव्हा तो पाण्याखाली गेला. आकाराने हा आपल्याकडच्या एखाद्या गढीएवढाच, तेव्हा बाबांना राजगडाची अपेक्षा ठेवू देऊ नका. १६९० मध्ये क्रॉमडेलच्या लढाईनंतर पळालेल्या जॅकोबाइट (पदच्युत राजा जेम्सच्या बाजूच्या) सैनिकांनी त्याला वेढा दिला होता, तो ग्रांट घराण्याच्या लोकांनी परतवला.

झाडी मात्र अस्सल. हे लावलेलं वन नाही, जुन्या कॅलेडोनियन पाइनवनाचा उरलेला तुकडा आहे. जमिनीवर हेदर आणि ब्लेबेरीची झुडपं, वर लाल खारी. सकाळी शांत चाललात तर खार दिसण्याची शक्यता चांगली.

पाणकोंबडी:
रानवाट यांच्याशी सहमत. थोडी भर. त्या पडक्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ऑस्प्रे घरटं करायचे. अंडी चोरणाऱ्यांनी ते संपवलं. पुढे १९५४ च्या सुमारास हा पक्षी जवळच्या लॉख गार्टनला परत आला. हिवाळ्यात उजनीवर मासे उचलताना दिसतो तोच हा, फक्त स्कॉटलंडचे ऑस्प्रे थंडीत पश्चिम आफ्रिकेत जातात. सप्टेंबरअखेरीस बहुतेक निघून गेलेले असतात, त्यामुळे त्यासाठी दुर्बीण नेणार असाल तर निराशा होईल. तुऱ्याच्या टिट या छोट्या पक्ष्यासाठी जरूर न्या, ते वर्षभर इथेच असतात.

माहितीफलकांवर आणि गाइडांच्या तोंडी या किल्ल्याशी 'बॅडनॉकचा लांडगा' म्हणजे अलेक्झांडर स्ट्युअर्टचं नाव जोडलेलं असतं. १३९० मध्ये एल्गिनचं कॅथेड्रल जाळणारा तोच. पण त्याचा नक्की माहीत असलेला अड्डा म्हणजे उत्तरेकडचा लॉखिनडॉर्बचा बेटकिल्ला. तो उघड्या माळावर आहे, झाडी नाही, गाडीतून उतरून बघायचा एवढंच.

चिलटं सप्टेंबरअखेरीस बरीच कमी होतात, तरी वारा पडलेल्या दमट संध्याकाळी तळ्याकाठी थांबू नका. वारा ताशी ११ किमीच्या वर असला की ती उडतच नाहीत, म्हणून डबा खायला बसायचं तर झाडीतला आडोसा सोडून उघड्या काठावर बसा.

लीथकर:
धन्यवाद! बेत जवळपास पक्का. पण बाबा म्हणतात, 'किल्ला लांबून बघायला एवढं जायचं?' आत शिरता येईल असा दुसरा आहे का?

ओबनलाइन:
मग लॉख ऑ तळ्याच्या टोकाचा किलहर्न किल्ला. पण तारीख बघा. आतला भाग साधारण एप्रिल ते सप्टेंबर एवढाच उघडा असतो, म्हणजे २४ ला आल्यावर पहिल्या आठवड्यातच जायला हवं. आधी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर स्थिती पाहा, कारण दगडकामाच्या तपासणीसाठी त्यांच्या वास्तू अधूनमधून बंद असतात.

बुरूज १४५० च्या सुमाराचा, ग्लेनॉर्कीच्या सर कॉलिन कॅम्पबेलचा. १६९० च्या दशकात त्याला सैन्याची बरॅक जोडली, १७६० मध्ये वीज पडली आणि पुढे तो ओसाड झाला. त्या वेळी कोसळलेल्या एका बुरुजाचा तुकडा अजून अंगणात उलटा पडलेला आहे. बाबांना तो नक्की दाखवा.

गाडी ए ८५ रस्त्यावर डाल्मली आणि लॉख ऑ गावांच्या मध्ये, ऑर्की नदीच्या पुलाजवळच्या छोट्या तळावर लावायची. पाटी ठळक नाही, वेग कमी ठेवा. तिथून रेल्वेच्या पुलाखालून सपाट वाट, एका बाजूने साधारण पाऊण किलोमीटर. अडचण एकच, पाणी. किल्ला पूर्वी बेटावर होता. १८१७ मध्ये तळ्याची पातळी खाली आणल्यावर जमिनीशी जोडला गेला. जोराचा पाऊस झाला की पातळी चढते आणि पुलाखालचा भाग व पुढचं कुरण भरतं. दोन दिवस सतत पाऊस असेल तर बेत बदला, वर आभाळ निरभ्र असलं तरी. कुरणात गुरं असतात. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला.

आत बुरुजावर जायला जिने आहेत. बाबांनी अंगणच फिरावं. आणि इथे झाडी जवळपास नाही, स्वच्छतागृह नाही. वाट बुडलेली असली तर समोरच्या काठावर ए ८१९ लगत गाडी थांबवायची जागा आहे. चित्रांत दिसतो तो किल्ला तिथूनच काढलेला.

रानवाट:
एडिनबराहून किलहर्न जायला अडीच तास धरा, येऊन-जाऊन पाच. पाऊण किलोमीटर चालण्यासाठी ते बाबांना पटेल का ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर गाडी फक्त एव्हिमोरसाठी घ्या, तिथे एक रात्र राहा, आणि आत शिरायची हौस लिनलिथगोला भागवा.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनहून आगगाडीने वीस मिनिटं, स्टेशनपासून राजवाडा चालत दहा मिनिटांच्या आत. छप्पर नसलेला चारमजली राजवाडा, १४२४ मध्ये स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स याने सुरू केलेला. स्कॉटलंडची राणी मेरी स्ट्युअर्टचा जन्म इथला, ८ डिसेंबर १५४२. १७४६ मध्ये सरकारी सैन्याचा मुक्काम असताना तो जळाला. अंगणातलं कारंजं १५३८ चं. राजवाड्याला तिकीट आहे, तळ्याला नाही. तळ्याची फेरी ३.७ किमी, सपाट, बाकं आहेत.

उणी बाजू म्हणजे उत्तर काठाला एम ९ महामार्गाची घरघर सतत, आणि झाडी रान म्हणावी अशी नाही. उन्हाळ्यात-शरदात पाण्यावर निळंहिरवं शेवाळ धरतं. ते विषारी असू शकतं, हात घालू नका, लहान मूल किंवा कुत्रं बरोबर असेल तर विशेष जपा.

पाणकोंबडी:
गोचिडांबद्दल कोणी बोललं नाही. वाटेवरून चाललात तर धोका कमी, हेदरमध्ये शिरलात की वाढतो. पायजमा मोज्यात खोचा. रात्री गुडघ्याची मागची बाजू, जांघ आणि कमरपट्ट्याखाली बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेला लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलीन, पेटती काडी यांतलं काही करू नका, गोचीड पोटातलं आत ओकते. पुढचे ३ ते ३० दिवस जागेवर पसरत जाणारी लाल कड आली तर डॉक्टरकडे जा. आईबाबा तोवर नाशिकला पोचलेले असतील, आणि तिथल्या डॉक्टरांना गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम आजार रोज दिसत नाही, म्हणून चावल्याची तारीख आणि जागेचा फोटो त्यांच्याकडे देऊन ठेवा.

लीथकर:
ठरलं. लिनलिथगो पहिल्या आठवड्यात, एव्हिमोर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. अंधार किती वाजता होतो तिकडे?

रानवाट:
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साधारण पावणेसातला मावळतो, पाइनखाली अर्धा तास आधीच अंधारतं. फेरीला बाबांच्या चालीने दोन-अडीच तास धरून दुपारी एकच्या आत सुरुवात करा. गाडीतळाला पैसे लागतात, आणि शनिवार-रविवारी चांगलं ऊन असेल तर सकाळी दहाच्या आत पोचा. इनव्हरड्रुईहून बी ९७० ने फेशीब्रिजच्या दिशेने निघायचं, पुढे डावीकडे पाटी आहे. जीन्स घालू नका, भिजली की दिवसभर सुकत नाही.