व्हीलॅन आणि स्पॅनिंग ट्री : सीमाभागातील नेटवर्क सांभाळणाऱ्यांचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील कारखान्यांची, कॉलेजांची आणि पतसंस्थांची नेटवर्क सांभाळणारे आपण बरेच जण आहोत. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी तुकडे) केले की जाळी वेगळी झाली, असे आपण धरून चालतो. पण जादा दुवा बंद करून लूप, म्हणजे गोल फिरणारी वाट, तोडणारी स्पॅनिंग ट्री ही विभागणी मानते की नाही, हे स्विचवर (केबली एकत्र जोडणाऱ्या उपकरणावर) आणि त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. व्हीलॅनच्या १९९८ च्या ८०२.१क्यू मानकात सगळ्या व्हीलॅनसाठी एकच झाड, म्हणजे उघड्या वाटांचा एकच आराखडा, होता. प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र झाड ही सोय सिस्को या कंपनीने आपल्या स्विचवर दिली. या फरकामुळे ज्यांना फटका बसला, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

उद्यमबाग, बेळगाव

आमच्या फाउंड्रीत ऑफिस आणि भट्टीचे शेड यांच्यामध्ये मी दोन केबली टाकल्या होत्या. एकीवर ऑफिसचे व्हीलॅन १०, दुसरीवर कॅमेऱ्यांचे व्हीलॅन २०, आणि दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, अशी माझी समजूत होती. स्विच साधे, एकाच झाडाचे. केबल जोडल्यावर अर्ध्या मिनिटात शेडमधले सगळे कॅमेरे काळे झाले. कॅमेऱ्याचे कनेक्टर पुन्हा क्रिंप करण्यात माझी सबंध दुपार गेली. शेवटी लक्ष गेले ते दुसऱ्या केबलच्या पोर्टवर जळणाऱ्या नारिंगी दिव्याकडे. स्पॅनिंग ट्रीला व्हीलॅन दिसतच नव्हते. तिला दोन स्विचमधल्या दोन वाटा दिसल्या आणि तिने एक बंद केली. त्या वाटेवर कॅमेऱ्यांचेच व्हीलॅन होते. दोन्ही केबली ट्रंक करून दोन्ही व्हीलॅन दोन्हींवर सोडले, तेव्हा प्रश्न सुटला. आता एक केबल नुसती पडून असते, याची मालकांना अजून रुखरुख आहे.

चिकोडी तालुका

साखर कारखान्यात गळीत हंगामाच्या तोंडावर नवा गिगाबिट कोअर (मधला मुख्य) स्विच बसवला. कोअर, ऑफिस आणि वजनकाट्याची केबिन असा त्रिकोण होता. केबिनमधला स्विच जुना, १०० एमबीपीएसचा. झाडाचे मूळ, म्हणजे रूट, कोणता स्विच होणार हे प्रायॉरिटीच्या सर्वांत लहान आकड्यावरून ठरते. सगळ्यांची प्रायॉरिटी कंपनीकडून आली तशीच, म्हणजे ३२७६८, होती. अशा बरोबरीत सर्वांत लहान मॅक अ‍ॅड्रेसचा (उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकाचा) स्विच रूट होतो, आणि आमच्याकडे तो मान केबिनमधल्या म्हाताऱ्याला मिळाला. १०० एमबीपीएसच्या दुव्याची कॉस्ट (वाटेचा खर्च, कमी ती वाट निवडली जाते) १९, गिगाबिटची ४. त्यामुळे कोअर आणि ऑफिस दोघांनीही रूटकडे जाण्यासाठी आपापली थेट वाट धरली आणि त्यांच्यामधला गिगाबिट दुवाच बंद झाला. ऑफिसचे सगळे काम काट्याच्या केबिनमार्गे चालले होते.

व्हीलॅन १० ची माहिती काढली, तर प्रायॉरिटी ३२७७८ दिसली. आधी मला वाटले, कोणीतरी आकडा बदलला असावा. पण स्वतंत्र झाड ठेवताना स्विच प्रायॉरिटीत व्हीलॅनचा क्रमांक मिळवतो. त्या क्रमांकाला १२ बिट लागत असल्याने प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. मी कोअरला व्हीलॅन १० साठी ४०९६ दिले, ऑफिस सुधारले आणि मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी हिशेब विभागाची तक्रार कायम होती, कारण ते व्हीलॅन २० वर होते आणि त्या झाडाचा रूट अजून केबिनमध्येच बसला होता.

खानापूर

माझा अनुभव लहान आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक सुरू झाले की त्यांना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नसे. जुनी स्पॅनिंग ट्री पोर्ट उघडण्याआधी १५ आणि १५ असे ३० सेकंद घेते, तेवढ्यात संगणक कंटाळून जात. टेबलाकडच्या पोर्टना पोर्टफास्ट (न थांबता पोर्ट उघडण्याची सोय) दिले आणि सोबत बीपीडीयू गार्डही (पलीकडे स्विच दिसला की पोर्ट बंद करणारा) लावला, कारण कोणीतरी खिशातून छोटा स्विच आणून लावतोच.

बेळगाव शहर

आम्ही एमएसटी वापरतो, म्हणजे व्हीलॅनचे दोन गट आणि प्रत्येक गटाला एक झाड. एक दुवा पहिल्या गटासाठी, दुसरा दुसऱ्यासाठी. पण प्रत्यक्षात दुसऱ्या दुव्यावर काहीच जात नव्हते. एमएसटीत रीजनचे (एकच वाटणी मानणाऱ्या स्विचच्या समूहाचे) नाव, रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅनची वाटणी हे तिन्ही तंतोतंत जुळावे लागतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलण्यापूर्वी बसवलेल्या स्विचवर रीजनचे नाव ‘बेलगाम’ होते, नंतर आलेल्या स्विचवर ते ‘बेळगावी’ पडले. आमच्या तोंडी ‘बेळगाव’च, पण स्विचला तिन्ही सारखेच परके. नावे वेगळी म्हणून रीजन दोन झाली, आणि दोन रीजनच्या सीमेवर सगळ्या व्हीलॅनसाठी एकच निर्णय लागू होतो. त्यामुळे एक दुवा सर्वांसाठी उघडा आणि दुसरा सर्वांसाठी बंद. रात्री अकरानंतर सर्व स्विचवर एकच नाव टाकले. कोणते टाकले, हे मात्र इथे लिहीत नाही.