बघ्यांची गर्दी आणि किटी जिनोव्हीजचे ३८ साक्षीदार

विश्रामबागकर (मूळ पोस्ट)
शंभर फुटी रस्त्यावर अपघात झाला की पाच मिनिटांत वीस-तीस माणसं गोळा होतात. मोबाईल बाहेर येतात, हात कुणाचा पुढे येत नाही. मनं मेलीत लोकांची. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीजचा खून ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले, तेच आज सांगलीत चाललंय. पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्रात हे सगळं दिलंय, वाचा एकदा.

मिरजकर
साहेब, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे त्याच्या बरोबर उलटं तुम्ही लिहिलंय. बायस्टँडर इफेक्ट (बघे जास्त, तितकी एकेकानं मदत करण्याची शक्यता कमी) शिकवताना दरवर्षी हेच निस्तरावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८चा प्रयोग घ्या. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, बोलणं फक्त इंटरकॉमवर. मध्येच एकाला फीट आल्याचा आवाज येतो, तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला. आपण एकटेच ऐकतोय अशी ज्यांची समजूत होती, त्यातले ८५ टक्के जण फीट चालू असतानाच मदतीसाठी बाहेर आले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटलं तिथे ३१ टक्केच. आता पुढचं नीट वाचा: जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, संशोधक आत येताच ते ‘तो बरा आहे ना?’ विचारत होते. मेलेल्या मनाची ही लक्षणं नव्हेत. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि एकाच्याही वाट्याला पुरेशी आली नाही.

धुराचा प्रयोगही त्याच वर्षीचा. खोलीत एकटा असताना ७५ टक्के लोकांनी धूर येतोय म्हणून कळवलं. शेजारी ढिम्म बसायला सांगितलेले दोघं ठेवल्यावर १० टक्के. ‘कुणीच हलत नाही, म्हणजे विशेष काही नसेल’ असं प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो, आणि दुसरा याच्या चेहऱ्यावरून.

कऱ्हाडची समाजशास्त्रवाली
मिरजकर सर, आकडे बरोबर, पण खोलीतला धूर आणि हायवेवरचं रक्त एका मापानं मोजू नका. कऱ्हाड-साताऱ्याच्या पट्ट्यात माणूस मागे सरतो तो पोलीस ठाणं, पंचनामा, कोर्टाच्या तारखा आणि ‘आधी पैसे भरा’ म्हणणारा दवाखाना डोळ्यासमोर येतो म्हणून. संस्थांवरचा हा अविश्वास तुमच्या इंटरकॉममध्ये कुठे बसतो?

शिवाय पडलेला माणूस कोण वाटतो, यावरही मदत ठरते. १९६९चा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला प्रयोग आठवा. काठी घेतलेला माणूस डब्यात कोसळला, ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले. दारूचा वास येणारा कोसळला, तेव्हा ३८ पैकी १९ वेळा. आणि डब्यात गर्दी जास्त म्हणून मदत कमी, असं तिथे दिसलंच नाही. ‘पिऊन पडलाय’ हे आपल्याकडे कुणाला किती पटकन म्हटलं जातं, त्यात कपडे, बोली, जात सगळं येतं. हे समाजशास्त्र आहे.

माहुलीकर
३८चा आकडा काढा आधी. तो खोटा आहे.

हल्ला १३ मार्च १९६४ला पहाटे तीनच्या सुमारास झाला. दोन वेळा झाला, आणि दुसरा इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशी, जो समोरच्या खिडक्यांतून दिसतच नव्हता. बऱ्याच जणांनी फक्त ओरडणं ऐकलं. एकानं खिडकीतून दरडावलं तेव्हा मारेकरी पळाला होता. सोफिया फॅरर ही शेजारीण खाली धावली आणि किटीला मांडीवर घेऊन बसली. ९११ हा अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबरच तेव्हा नव्हता, तो १९६८ला आला. ३८ जण बघत राहिले ही गोष्ट दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सनं छापली. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी २००७मध्ये कागदपत्रांवरून ती खोडून काढली. तरी आपल्याकडच्या गाईडांत ‘३८ साक्षीदार’ दोन मार्कांना आहेच! नेट-सेटची पोरं तेच घोकतात आणि पुढे तेच शिकवतात.

विश्रामबागकर
म्हणजे रस्त्यात माणूस रक्ताच्या थारोळ्यात, आणि तुमचं भांडण गाईडशी. ३८ नसतील, आठ असतील. त्यानं काय फरक पडला?

माहुलीकर
फरक पडतो. ‘कुणीच येत नाही’ हे शिकवलेला पोरगा उद्या स्वतःही जात नाही. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहातल्या नऊ ठिकाणी कुणीतरी मध्ये पडलं होतं. माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीत कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारीकोतारी खांद्यावर कुणी काढली? याच माणसांनी.

मिरजकर
माहुलीकर, ३८ पुस्तकातून जावेत हे मान्य. पण ‘कुणीतरी येतो’ आणि ‘मी जाईन का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९६८च्या प्रयोगांतलंच आहे. पुराचं म्हणाल तर तिथे संकट आहे की नाही हा संशयच नव्हता.

कऱ्हाडच्या ताईंचा कायद्याचा मुद्दा खरा, पण जुना. सर्वोच्च न्यायालयानं २०१६लाच मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी नाही, नाव सांगायची सक्ती नाही.

कऱ्हाडची समाजशास्त्रवाली
कलम आहे हो. चौकातल्या किती जणांना माहीत आहे? कायदा गॅझेटात असतो, भीती माणसात. मदतीच्या पाच पायऱ्या तुम्ही शिकवता ना, त्यांत तो अडतो शेवटच्या पायरीवर, म्हणजे करण्यावर, आणि तुम्ही समजता तिसरीवर, ‘हे माझं काम’ वाटण्यावर.

मिरजकर
काही जण शेवटच्या पायरीवर अडतात, बरं. बाकीचे तिसरीवरच. पाच पायऱ्या अशा: दिसणं, संकट आहे हे ओळखणं, ‘हे माझं काम’ वाटणं, काय करायचं ते माहीत असणं, आणि करणं. चौथीवरही घात होतो. जोरात हेल्मेट ओढतात, शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओततात, मानेला मार असताना दोघं धरून रिक्षात बसवतात. ब्रह्मनाळ गावात ऑगस्ट २०१९च्या महापुरात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तिथे दयेची कमी नव्हती.

विश्रामबागकर
३८चं वाक्य पोस्टमधून काढतो. मोबाईल धरून उभ्या राहणाऱ्याला मात्र माफी देणार नाही, तुम्ही कितीही प्रयोग सांगा.

मिरजकर
माफी नका देऊ, काम द्या. ‘कुणीतरी १०८ लावा’ असं गर्दीला ओरडून काही होत नाही, जबाबदारी पुन्हा तीस जणांत वाटली जाते. एकाकडे बोट करा, नजर भिडवा: ‘निळा शर्ट, दादा, तुम्ही १०८ लावा, चौकाचं नाव आणि जवळची खूण सांगा, लागला की मला सांगा.’ दुसऱ्याला: ‘ताई, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा.’ ज्याचा मोबाईल आधीच हातात आहे, १०८ त्यालाच सांगायचं.