विषय: दोन लहान मुलांना घेऊन वर्षभराचा प्रवास – अनुभव हवेत

प्रेषक: नवीन सभासद (मुलगी पाच वर्षांची, मुलगा 19 महिन्यांचा)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. पुढच्या वर्षी आम्ही दोघंही कामातून साधारण अकरा महिने रजा घेऊन मुलांसोबत प्रवासाला निघायचं म्हणतोय. लेक तोवर साडेपाचची होईल आणि धाकटा दोनचा. आत्ता नाही निघालो तर पुढे शाळा आणि आमची कामं यांच्यातून एवढा सलग वेळ निघेल असं वाटत नाही.

चौदा देश आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तीन आठवडे, असा कच्चा आराखडा केलाय. कागदावर छान दिसतो, पण धाकट्याला नुसतं बागेत न्यायचं तरी तयारीत पाऊण तास जातो. तेव्हा हे आपल्याला झेपणार का, अशी धास्ती वाटते.

ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. किती ठिकाणं धरावीत? आजारपणाची काय तयारी ठेवावी? थोरलीच्या अभ्यासाचं काय? आणि एक प्रश्न मला लागून राहिलाय. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लहान वयातलं त्यांना काही आठवणार नाही, मग हा खटाटोप कुणासाठी?" त्या रागाने नाही म्हणाल्या, काळजीने म्हणाल्या. मला उत्तर देता आलं नाही.

---

प्रेषक: दोन मुलींची आई

प्रिय नवीन सभासद,

अगं-तुगं करते, चालेल ना? मुली सहा आणि तीन वर्षांच्या असताना आम्ही चौदा महिने बाहेर होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आराखड्याबद्दल. चौदाचे पाच कर. जमलं तर चार.

आम्हीही अकरा देश धरले होते. पहिल्या दोन महिन्यांत नऊ वेळा मुक्काम हलवला. तिसऱ्या महिन्यात धाकटी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. ती सवय सुटून वर्ष झालं होतं. आणि थोरली रोज सकाळी डोळे उघडले की एकच विचारायची, "आज आपण इथेच झोपणार ना?" तिला दिवसभरात काय बघणार यात रसच उरला नव्हता. रात्री आपली उशी कुठे असेल, एवढंच तिला हवं होतं. ते कळायला मला फार दिवस लागले, याचं अजून वाईट वाटतं. मग आम्ही उरलेली तिकिटं रद्द केली आणि एका गावात सात आठवडे नुसते राहिलो.

तेव्हापासून आमचा नियम झाला: कुठेही गेलो तरी किमान चार आठवडे. पहिला आठवडा झोपेतच जातो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, त्यामुळे सहा तासांचा फरक असला की आठवडा गेलाच. त्यातही पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं. मोठा माणूस अपरात्री जागा झाला तर कूस बदलून पडून राहतो. दोन वर्षांचं मूल उठून खेळायला मागतं, आणि मग सगळं घर जागं. म्हणून शक्य असेल तर मार्ग पश्चिमेकडे सरकत जाईल असा आखा आणि संध्याकाळचा उजेड मुलांच्या डोळ्यांवर पडू द्या. दुसऱ्या आठवड्यात बाग सापडते, दवाखाना सापडतो, कपडे कुठे धुवायचे ते कळतं. तिसऱ्या आठवड्यात लेकीला कुणीतरी मैत्रीण मिळते. तुझ्या तीन आठवड्यांच्या हिशेबात नेमकं तेव्हाच सामान बांधावं लागेल.

मुक्काम बदलला तरी मुलांपुरतं काही बदलू नये, यासाठी आम्ही दोन चादरी, एक फाटकं चित्रांचं पुस्तक आणि झोपायच्या आधीचा क्रम सगळीकडे नेला: आंघोळ, गोष्ट, अंगाई, दिवा बंद. विमान उशिरा पोचलं तरी तोच क्रम, फक्त आखूड करून. चादरीला आपल्या घरचा वास असतो, हे धाकटीने मला सांगितलं.

आता कागदपत्रांबद्दल थोडं, कारण इथे आमची स्वतःची चूक झाली. मध्येच नवऱ्याला वडिलांच्या आजारपणासाठी परत जावं लागलं आणि मी एकटी दोन्ही मुलींना घेऊन पुढच्या देशात गेले. सीमेवर विचारलं, मुलांच्या वडिलांची संमती कुठे आहे? माझ्याकडे पत्र नव्हतं. बराच वेळ बसवून ठेवलं, मुली रडायला लागल्या, शेवटी फोनवर बोलणं झाल्यावर सोडलं. विचारणारीचं काही चुकलं नव्हतं. एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेऊ नये यासाठी 1980 चा हेग करार आहे आणि म्हणून हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी विचारतात. तेव्हा निघायच्या आधीच तुम्ही दोघांनी एकमेकांच्या नावाने संमतीपत्र करा, नोटरी करून घ्या, आणि मुलांचे मूळ जन्मदाखले सोबत ठेवा. मुलांच्या पासपोर्टची मुदतही बघा. बहुतेक ठिकाणी लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि अनेक देशांना प्रवेशाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. युरोपातल्या शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या) 29 देशांत मिळून कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहायचं, हा हिशेब तान्ह्या मुलालाही लागू असतो. मुलांना मोजत नसतील असं समजू नकोस.

धाकटा तोवर दोनचा होईल म्हणालीस. वाढदिवसानंतरच्या प्रत्येक उड्डाणाला त्याचं स्वतःचं तिकीट आणि सीट लागेल, मांडीवर चालणार नाही. तिकिटं काढताना ती तारीख समोर ठेव. विमानातल्या पाळण्याची आशा सोड. त्याची वजनाची मर्यादा बहुधा दहा-अकरा किलोच असते. आणि कार सीट: युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर44 किंवा आर129 नियमाचं लेबल असलेलीच चालते, अमेरिकेत घेतलेली तिथे चालत नाही. सीट ओढत नेण्यापेक्षा जिथे गाडी वापराल तिथल्या नियमाची तिथेच घ्या किंवा भाड्याने घ्या, पण तिच्याशिवाय गाडीत बसवू नका, दहा मिनिटांचं अंतर असलं तरी.

शेवटचं, कुत्र्याची गोष्ट. डॉक्टर आहेत आपल्या मेलयादीवर, ते नीट सांगतील. एका मुक्कामी थोरलीने गल्लीतल्या पिल्लाला खेळवलं. दोन दिवसांनी आंघोळीच्या वेळी मला पोटरीवर ओरखडा दिसला, वर खपली धरलेली. विचारलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तू परत बाहेर जाऊ दिलं नसतंस." माझ्या हातपायांतलं बळ गेलं. त्या रात्री तीन दवाखाने फिरलो. रेबीजची लस पहिल्याच ठिकाणी मिळाली. तिच्यासोबत द्यायचं दुसरं इंजेक्शन तिसऱ्या दवाखान्यात मिळालं. त्यानंतर मी मुलींना एक वाक्य रोज म्हणायला लावलं: "कुठलाही प्राणी चावला, ओरबाडला, चाटला तर आधी आईला सांगायचं, आई रागावणार नाही." आणि नंतर खरंच कधी रागावले नाही.

---

प्रेषक: यादीवरचा बालरोगतज्ज्ञ

सप्रेम नमस्कार,

ताईंनी सांगितलेल्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो. रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालील मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. माणसांना होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळेच होतो. चावा किंवा ओरखडा दिसला की साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं जखम धुवायची. हे सगळ्यात आधी करायचं आणि लोक नेमकं हेच विसरतात. मग लस. त्वचा फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं आणि ते जगात अनेक ठिकाणी सहज मिळत नाही. तिसऱ्या दवाखान्यात मिळालं ते तेच असणार. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मुलांना मी आधीच लस घ्यायला सांगतो, आज आणि सातव्या दिवशी असे दोन डोस. ती झालेली असेल तर नंतर चावा झाल्यावर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, फक्त लसीचे वाढीव डोस पुरतात.

बाकीच्या लसींसाठी निघायच्या किमान सहा आठवडे आधी या, त्याहून लवकर आलात तर बरं. गोवराचा दुसरा डोस अनेक देशांत उशिरा देतात, पण पहिल्यानंतर 28 दिवसांनी तो देता येतो, तेव्हा धाकट्याचा उरकून घ्या. पीतज्वराची लस नऊ महिन्यांपुढे देतात. तिचं प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. नीट सांभाळा.

हिवतापाच्या भागात जाणार असाल तर एक गोष्ट माझ्याकडे येणारे पालक बहुतेक वेळा लक्षात घेत नाहीत. मुलांची गोळी वयावर नाही, वजनावर ठरते, आणि अकरा महिन्यांत मुलाचं वजन बदलतं. निघताना लिहून दिलेला डोस परतताना कमी पडेल. दर दोन महिन्यांनी वजन करा आणि कळवा. तापाच्या औषधालाही हेच. हिवताप टाळायला मोठ्यांना देतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी आठ वर्षांखाली देत नाहीत, म्हणून तुम्हा दोघांची गोळी मुलांना वाटून देऊ नका. लेमन युकॅलिप्टसच्या तेलाचं डास पळवणारं औषध तीन वर्षांखाली नको. आणि औषध लावलं तरी मच्छरदाणी हवीच.

जुलाब होणार, हे धरूनच चाला. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा आणि पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला. कमी पाण्यात दाट केलं तर अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. सोबत 10 ते 14 दिवस झिंक द्या. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं हे पाणी पिंपांमधून वाटायला लावलं आणि नातेवाइकांच्या हातून पाजून माणसं वाचवली. तुम्हीही तेच करणार आहात, फक्त पाकिटातून. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही, दवाखान्यात जायचं.

तरीही मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अपघातांची. नव्या घरात शिरलात की सामान सोडायच्या आधी एकाने मुलांना धरायचं आणि दुसऱ्याने घर फिरून बघायचं: गच्चीचा कठडा, खिडक्यांच्या कड्या, गरम पाण्याचा नळ, आवारात तलाव आहे का. दोन वर्षांचं मूल बुडताना ओरडत नाही. तलाव असेल तर मुलं जागी असताना त्याच्यावर नजर ठेवायची जबाबदारी कुणाची, ते एकाच माणसाचं नाव घेऊन ठरवा.

विम्याबद्दल एवढंच. वार्षिक प्रवास विम्यात एका सहलीच्या दिवसांना बहुधा मर्यादा असते. अकरा महिन्यांसाठी वेगळा दीर्घ मुदतीचा विमा लागेल. गंभीर रुग्णाला दुसऱ्या देशात हलवायचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून घ्या.

---

प्रेषक: निवृत्त शिक्षिका

चि. नवीन सभासद, अनेक आशीर्वाद.

अभ्यासाची चिंता या वयात फार नको. दुरून शिकवणं काही आजचं नाही. फ्रान्सने 1939 पासून पत्राने शाळा चालवली, ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जहून 1951 पासून रेडिओवर वर्ग भरायचे. कायदा मात्र आधी बघून घे, तो देशादेशाप्रमाणे वेगळा असतो. जर्मनीत राहणाऱ्या मुलांना शाळा सोडून घरी शिकवायची मुभा नसते. शाळेतून नाव काढायचं की रजा मागायची, ते शाळेला विचारून लेखी घे. बाकी रोज वीस मिनिटं वाचन आणि पाच मिनिटं लेखन पुरे.

तुझ्या सासूबाईंचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. त्या अर्ध्या बरोबर आहेत. मोठ्या माणसांची पहिली आठवण बहुतेक साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. धाकट्याला यातलं काही आठवणार नाही, असंच धरून चल. पण मुलं आठवण ठेवतच नाहीत असं मात्र नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांचं आईशी झालेलं बोलणं नोंदवलं आणि पुढे त्याच प्रसंगांबद्दल त्यांना विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे आठवण असते, नंतर ती झिजते. आणि ज्या आया मुलाला बोलू द्यायच्या, त्याच्या मागे मागे जात विचारायच्या, त्यांच्या मुलांच्या आठवणी अधिक भरीव होत्या.

म्हणून रोज रात्री "मजा आली ना?" असं विचारू नकोस. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. "मग काय झालं?" असं विचार आणि गप्प बस. ती चुकीचं सांगेल, क्रम उलटा सांगेल, सांगू दे. मराठीतच सांगू दे. अकरा महिने आजूबाजूची भाषा बदलत राहील आणि घरात तुम्ही चौघंच असाल. आपल्या यादीवर मुलांची मराठी सुटते म्हणून आपण किती हळहळतो! ती पक्की व्हायला याहून चांगलं वर्ष मिळणार नाही.

आणि सासूबाईंना यात घे. त्यांना दर आठवड्याला फोन लाव आणि लेकीला सांगू दे. त्यांनी न पाहिलेलं गाव नातीने त्यांना समजावून सांगायचं. धाकट्यासाठी त्या दोघींचं बोलणं नोंदवून ठेव. मोठा झाला की तो ते ऐकेल.

---

प्रेषक: नवीन सभासद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी तिन्ही मेल नवऱ्याला वाचून दाखवल्या आणि आम्ही कागद पुन्हा काढला. आता पाच ठिकाणं उरली आहेत, प्रत्येकी सात ते नऊ आठवडे, आणि मार्ग पश्चिमेकडे जाणारा. यादीतून खोडताना दोन ठिकाणांपाशी हात थांबला होता. ती पुढे कधीतरी.

शेवटची मेल सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, रविवारी सकाळी मी कुठे जात नाही.

डॉक्टर, रेबीजच्या पहिल्या डोससाठी पुढच्या आठवड्यात दोघांना घेऊन येते. धाकट्याचं लसीकरणाचं पुस्तक सापडलंय, थोरलीचं शोधतेय. संमतीपत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया यादीवरच पाठवा, म्हणजे इतरांनाही कामाला येईल.