टूर दे फ्रान्स २०२६: आल्प्समधली कुठली स्टेज रस्त्यावर उभं राहून बघावी?

चाकोरीबाहेर:
टूर या सायकल शर्यतीच्या शेवटच्या आठवड्यात कामानिमित्त जिनिव्हात असेन. एक स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, प्रत्यक्ष बघायची आहे. गाडी नाही, तंबू नाही. एकूण खर्च १२० युरोंच्या आत बसवायचा, जमलं तर मुक्काम टाळायचा. टीव्हीवर शर्यत नेमाने बघते, त्यामुळे जर्सी, बोनस सेकंद वगैरे माहीत आहे. मला स्वार जवळून आणि नीट दिसायला हवेत. कुठे उभं राहू?

घाटमाथा:
आल्प द्युएझ. दुसरा विचारच नको. शुक्रवार २४ जुलै, १९वी स्टेज, गाप ते आल्प द्युएझ. चढण १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं. वळणांचे नंबर उलटे आहेत, पायथ्याला २१ आणि माथ्याला १. सगळ्यात खडा भाग सुरुवातीचाच, म्हणून बूर द्वाझाँ गावातून चालत निघून २१ ते १६च्या मधे जागा धरा. ऐन वळणावर उभं राहू नका. तिथे रस्ता जरा सपाट होतो आणि स्वार वेग घेतात. वळण संपून सरळ चढ लागतो तिथे थांबा, चेहऱ्यावरचा घाम दिसेल.

तिरपा टायर:
घाटमाथा म्हणतात ते बरोबर, पण तारीख पक्की लक्षात ठेवा. शनिवारी २०वी स्टेजसुद्धा आल्प द्युएझलाच संपते, मात्र ती सारेन खिंडीतून, मागच्या बाजूने वर येते. २१ वळणांवरून जात नाही. 'दोन दिवस आल्प द्युएझ' एवढंच वाचून लोक शनिवारीही वळणावर ठाण मांडतील आणि त्यांच्यासमोरून एकही स्वार जाणार नाही.

भटकी_व्हॅन:
कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्या, विषय संपला. चार दिवस आधी जाऊन जागा धरायची. मागचं दार रस्त्याच्या उलट्या बाजूला, चाकांखाली लाकडी ठोकळे, माणशी रोजचं किमान पाच लिटर पाणी. आमच्या व्हॅनवर सोलर पॅनेल आणि छोटा फ्रिज आहे, मोबाइलवर शर्यत बघत बसता येतं. याशिवाय टूर बघणं म्हणजे नुसती धावपळ.

चाकोरीबाहेर:
गाडी नाही आणि १२० युरो, हे वर लिहिलंय.

भटकी_व्हॅन:
चौघांत वाटून घेतलं तर व्हॅन महाग पडत नाही.

उंच_सखल:
माझं मत गालिबिए घाटाला. २०वी स्टेज, २६४२ मीटर, यंदाच्या टूरमधला सर्वांत उंच माथा. आधी क्र्वा द फेर आणि तेलेग्राफ हे घाट झालेले असतात, त्यामुळे पेलोटॉनच्या (स्वारांच्या मुख्य घोळक्याच्या) चिंध्या झालेल्या असतात आणि स्वार एकेक, दोन-दोन करत येतात. माथ्याच्या अलीकडे दोन किमीवर थांबा. जुलै असला तरी वाऱ्याचं जाकीट, टोपी आणि हातमोजे हवेतच. उन्हात चढताना अंग घामाने भिजतं आणि वर उभं राहिल्यावर तोच घाम गारठवतो. कोरडा बनियन पिशवीत ठेवा, पोचल्याबरोबर बदला.

घाटमाथा:
गाडीशिवाय गालिबिए? घाट वाहनांना आधीच बंद होतो. खालून चालत जायचं तर अख्खा दिवस त्यातच जाईल.

उंच_सखल:
सायकल भाड्याने मिळते की! पोलीस सायकलींना बराच उशिरापर्यंत सोडतात.

तिरपा टायर:
'बराच उशिरापर्यंत' यावर विसंबू नका. अमुक वाजेपर्यंत सोडतील असा नियम नाही, तिथला पोलीस ठरवतो. उतरायला लावलं की क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून चालत चढावं लागतं.

पिवळी_रेघ:
कुठेही गेलात तरी हे करा. टूरच्या अधिकृत साइटवर प्रत्येक स्टेजचं वेळापत्रक येतं. त्यात प्रत्येक गावाची, माथ्याची वेळ तीन अंदाजे सरासरी वेगांनुसार दिलेली असते, आणि प्रचार-कॅरव्हॅनची, म्हणजे प्रायोजकांच्या जाहिरात-गाड्यांच्या ताफ्याची, वेळ वेगळी. कॅरव्हॅन स्वारांच्या साधारण दोन तास आधी जाते. त्याचा स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. घाटात गर्दी झाली की नेटवर्क बसतं, मग साइट उघडत नाही आणि लाइव्हही दिसत नाही. सगळ्यात वेगवान रकान्यातली वेळ धरून चाला, म्हणजे चुकणार नाही.

फुकट_टोपी:
कॅरव्हॅन चुकवू नका! टोप्या, चाव्यांचे छल्ले, खाऊची पाकिटं. चढावर गाड्या हळू जातात, तिथे जास्त मिळतं.

पिवळी_रेघ:
एक सांगते. रस्त्यावर पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मागची गाडी लगेच येते. आणि कॅरव्हॅन गेल्यावर रस्ता रिकामा वाटला तरी पोलिसांच्या आणि संघांच्या गाड्या भरधाव जात असतात.

झेंडेवाला:
मोठा झेंडा न्या, टीव्हीवर दिसाल.

तिरपा टायर:
कृपा करून नेऊ नका. २०२१ला पहिल्याच स्टेजला एका प्रेक्षकाच्या पुठ्ठ्याच्या फलकाला टोनी मार्टिन धडकला आणि मागचा अर्धा ताफा आडवा झाला. २०१८ला याच आल्प द्युएझवर गर्दीच्या दाटीत निबाली हा स्वार पडला, मणक्याचं हाड मोडलं आणि त्याची टूर तिथेच संपली. कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा लोंबकळता ठेवायचा नसतो.

झेंडेवाला:
झेंडा आणि फलक यात फरक आहे. काठी आखूड असली तर काही होत नाही.

तिरपा टायर:
वाऱ्याने कापड हँडलबारमध्ये गुंतलं की काठीची लांबी कोण बघतो?

चढउतार:
आल्प द्युएझच. वर सगळ्यांनी सांगितलंच आहे. शुक्रवार, पायथ्याची वळणं.

पिवळी_रेघ:
जाणं सोपं, परत येणं अवघड, हे कुणी सांगत नाही. बूर द्वाझाँला रेल्वे नाही. ग्रनोबलपर्यंत आगगाडी, पुढे बस. स्टेज संपल्यावर हजारो लोक आणि गाड्या एकाच रस्त्याने खाली येतात. संध्याकाळच्या बसचा भरवसा धरता येत नाही, ती चुकली की ग्रनोबलहून जिनिव्हाची गाडीही गेली. त्या रात्री मुक्काम स्वस्तात मिळणार नाही. १२० युरोंत हे बसवणं कठीण आहे.

घाटमाथा:
एक रात्र जागं राहिलात तर काय बिघडतं? आल्प द्युएझ आहे ते! काहीही करा, फक्त मंगळवारच्या टाइम ट्रायलला जाऊ नका. एकेकटा स्वार घड्याळाविरुद्ध जातो, ना हल्ला, ना पाठलाग.

चाकोरीबाहेर:
सगळ्यांचे आभार. ठरलं: मंगळवार २१ जुलै, एव्हियाँ ते तोनाँ, २६ किमीची वैयक्तिक टाइम ट्रायल. जिनिव्हाहून लेमाँ एक्सप्रेस ही आगगाडी थेट दोन्ही गावांना जाते, रात्री परत येता येईल. प्रत्येक स्वार वेगळा दिसेल. मला तेच हवं होतं.

घाटमाथा:
विचारलंत कशाला मग? आल्प्सला जाऊन आल्प द्युएझ सोडायचं?

भटकी_व्हॅन:
व्हॅन असती तर दोन्ही झालं असतं.

पिवळी_रेघ:
निवड चांगली आहे. आता नीट वापरा. सकाळी लवकर एव्हियाँला जा. रस्ता बंद झाल्यावर स्वार मार्गाची पाहणी करायला येतात, तेव्हा ते सावकाश जातात. मग संघांच्या बसजवळ जा, ते बसबाहेर ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) वॉर्म-अप करताना दोन हातांवर दिसतात. सुरुवातीचा क्रम एकूण क्रमवारीच्या उलटा असतो: शेवटचा स्वार पहिला, पिवळी जर्सी, म्हणजे क्रमवारीतला पहिला, सगळ्यात शेवटी. म्हणजे दुपारभर शर्यत चालते आणि मोठी नावं अखेरच्या तासात येतात. मधल्या वेळात आगगाडीने तोनाँला जा, पण निदान दीड तास हाताशी ठेवा, स्थानकावर रांगा लागतील.

तिरपा टायर:
प्रत्येकामागे संघाची गाडी असते आणि तिच्या पुढच्या बाजूला त्या स्वाराचं नाव लिहिलेलं असतं. हेल्मेट-चष्म्यात चेहरा ओळखू येत नाही, नावावरून कळतं. सुरुवातीची यादी कागदावर छापून न्या आणि समोरून गेलेल्या प्रत्येकाची वेळ घड्याळात बघून नावापुढे टिपा. तुमच्या जागी कोण किती सेकंद पुढे-मागे आहे ते फोनशिवाय कळेल. पेन दोन ठेवा.

पिवळी_रेघ:
आणि जागा सरळ रस्त्यावर नको. तिथे ५० किमीच्या वेगाने निघून जातात. मार्गावर चढ आहे, तो नकाशात शोधा आणि त्याच्या वरच्या टोकाला उभ्या राहा.