मदत हवी आहे: पगारवाढ करार संपला, कंपनी एकेकाला बोलावून सही घेतेय. सोमवारपर्यंत काय करायचं?

चाकण_सेकंडशिफ्ट (शुक्रवार, १७ फेब्रुवारी २०२३, रात्री ११.५०)
करार ३१ डिसेंबरला संपला. मागणीपत्र ऑक्टोबरमध्ये दिलं, सात बैठका झाल्या, आकड्यावर अडलंय. मंगळवारपासून एचआर एकेकाला ट्रेनिंग रूममध्ये बोलावून कागदावर सही घेतंय. सही केली की १० हजार अ‍ॅडव्हान्स. मोबाईल बाहेर ठेवायला लावतात. आजपर्यंत २३ सह्या झाल्या. सोमवार शेवटचा दिवस, तसं बोर्डावर लावलंय. पोरं म्हणतात मंगळवारी मशीन बंद करू. मी युनियनच्या कमिटीत आहे, सगळे मलाच विचारतात. अशी सही घेणं बेकायदा आहे का? संप केला तर काय होईल? लवकर सांगा, थर्ड शिफ्टची पोरं गेटवर थांबलीत.

लेबर_प्रॅक्टिस (शनिवार, सकाळी ७.१०)
एवढ्यावर हो-नाही सांगता येणार नाही. युनियन नुसती रजिस्टर आहे की मान्यताप्राप्त? मागचा करार तुमच्या-तुमच्यात झाला होता की सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर? करार संपुष्टात आणत असल्याची लेखी नोटीस दिली होती का? आणि त्या कागदावर शब्दशः काय लिहिलंय?

सातपूरकर
अंतर्गत युनियन (कंपनीतल्याच कामगारांची) असेल तर हे होणारच. कमिटीवाला उद्या त्याच साहेबाकडे रजा मागायला जाणार, तो टेबलावर बोलणार काय? बाहेरच्या मोठ्या संघटनेत जा. आमच्याकडे नाशिकला दोन करार रखडले होते, बाहेरचे अध्यक्ष घेतले आणि तिसरा चार महिन्यांत झाला.

जुना_फिटर
सातपूरकर, करार तोंडावर असताना झेंडा बदलायला सांगू नका. निम्मे इकडे, निम्मे तिकडे होतात आणि कंपनी दोन्हींना खेळवते. भोसरीत ३१ वर्षं काढली, पाच करारांत बसलो, सगळे अंतर्गत युनियनचे. धागाकर्त्या, मंगळवारी मशीनला हात लावू नकोस. १४ दिवसांची नोटीस न देता बंद केलं की संप बेकायदा. वर दहा किंवा जास्त जण ठरवून बिननोटीस गेले तर आठ दिवसांपर्यंत पगार कापायची सोय पगाराच्या कायद्यात आहे. आमच्या शेजारच्या कंपनीत दुपारी दोन तास टूल डाउन (जागेवरच काम बंद) झालं, संध्याकाळी ११ जण सस्पेंड. त्यातले चार परत आत आलेच नाहीत.

सातपूरकर
म्हणजे गप्प बसायचं?

जुना_फिटर
गप्प बसा असं कुठं म्हटलं? काळ्या फिती लावा, कॅन्टीनचं जेवण सोडा, गेट मीटिंग घ्या. उत्पादनाला धक्का न लावता.

एरियर्स_हिशेब
करार झाल्यावर फरकाची रक्कम एकदम येईल. इन्कम टॅक्स रिटर्नच्या आधी १०ई फॉर्म भरा, मागच्या वर्षांच्या थकबाकीवर कलम ८९ची सवलत मिळते. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी भरला नाही आणि जास्त टॅक्स गेला.

चाकण_सेकंडशिफ्ट
युनियन रजिस्टर आहे, अजून मान्यता म्हणजे काय? कंपनी इतकी वर्षं आमच्याशीच बोलते ना. पर्मनंट १४६, सगळे मेंबर. ट्रेनी आणि कंत्राटी मिळून ३०० असतील, ते युनियनमध्ये नाहीत. मागचा करार कंपनीतच झाला, तीन वर्षांचा. नोटीस वगैरे काही दिली नाही, मुदत संपलीच होती. पोरं विचारतात, करार संपला म्हणजे कॅन्टीन आणि बससुद्धा बंद करतील का?

लेबर_प्रॅक्टिस
बस-कॅन्टीन बंद होणार नाही. मुदत संपली तरी करार मरत नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, एका बाजूने लेखी नोटीस दिल्यापासून दोन महिने होईपर्यंत तो दोघांना बांधतो. तुमच्याकडे कोणीच नोटीस दिलेली नाही, म्हणजे जुन्या सगळ्या सवलती आज चालू आहेत. हे पोरांना आजच सांगा, निम्मी भीती जाईल.

मान्यतेचं. कंपनी बोलते हा तिचा आजवरचा चांगुलपणा. १९७१च्या एमआरटीयू-पल्प (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध) कायद्याखाली ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेली संघटना औद्योगिक न्यायालयात मान्यतेसाठी अर्ज करू शकते. ती मिळाली की प्रामाणिकपणे वाटाघाटी करायला नकार देणं ही मालकाची अनुचित कामगार प्रथा ठरते. तुम्ही इतकी वर्षं अर्जच केला नाही, हे चुकलं.

नवा_कोड
हे जुनं झालं. आता ५१ टक्के लागतात, नवीन कोड (औद्योगिक संबंध संहिता) आलाय.

लेबर_प्रॅक्टिस
कोड २०२० साली संसदेत मंजूर झाला, पण आजच्या तारखेला, फेब्रुवारी २०२३मध्ये, लागू झालेला नाही. कृपया या माणसाला गोंधळात टाकू नका.

लालबागची_चाळ
मान्यतेवरून लिहावंसं वाटलं. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे, पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्यांच्यावर कामगारांचा विश्वास ते टेबलावर नाहीत, आणि टेबलावर आहेत त्यांना चाळीत कोणी उभं करत नाही. आईने खानावळ चालवून घर ओढलं. वडील पुन्हा साच्यावर गेले नाहीत. कागदावरचा हक्क किती मोठा असतो ते आम्ही घरात बघितलंय.

एचआरमध्ये_१२_वर्षे
दुसरी बाजू मांडतो. अ‍ॅडव्हान्स देणं बेकायदा नाही. ग्राहक दर वर्षी भाव कमी करून मागतो, उत्पादन वाढल्याशिवाय वाढ द्यायची कुठून? सात बैठकांनंतरही कमिटी पहिल्याच आकड्यावर बसली असेल तर मॅनेजमेंट थेट कामगारांशी बोलणारच.

जुना_फिटर
साहेब, बोलायचं असेल तर सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून बोला. मोबाईल बाहेर ठेवून एकट्याला खोलीत कशाला नेता? उत्पादनवाढीला आम्ही कधी नाही म्हटलं नाही. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) दोघांनी मिळून मोजायचा, एवढीच अट असायची.

चाकण_सेकंडशिफ्ट (शनिवार, रात्री ९.३०)
कागद मिळाला. एका पोराने बाहेर येऊन लगेच वहीत उतरवला: "मी स्वेच्छेने रु. १०,००० अग्रिम स्वीकारत आहे. सदर रक्कम आगामी वेतनवाढीत समायोजित करण्यात येईल. कंपनीने प्रस्तावित केलेले उत्पादन निकष व कराराचा चार वर्षांचा कालावधी मला मान्य आहे." शेवटची ओळ पानाच्या मागच्या बाजूला आहे. सही पुढच्या बाजूला. २३ पैकी १७ जण म्हणतात मागचं पान दाखवलंच नाही.

लेबर_प्रॅक्टिस
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सही घेणं हा गुन्हा नाही. पण आमिष दाखवून संघटनेला बाजूला सारणं ही अनुचित प्रथा म्हणून औद्योगिक न्यायालयात नेता येतं, तक्रारीची मुदत ९० दिवस. सोमवारी तीन गोष्टी करा. ज्यांना मागचं पान दाखवलं नाही त्यांनी प्रत्येकी दोन ओळींचं पत्र द्यावं की मजकूर न दाखवता सही घेतली, ती मागे घेतो, पोच घ्यावी. युनियनने कंपनीला लेखी हरकत द्यावी. आणि कामगार आयुक्त कार्यालयात विवाद दाखल करून समेटाची (सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीची) मागणी करावी. समेटात प्रकरण घेतलं की औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ३३ लागतं, वादाशी संबंधित सेवाशर्ती कंपनीला तुमच्या तोट्याच्या करता येत नाहीत. आणि समेटात झालेला करार त्याच कायद्याच्या कलम १८(३) खाली सगळ्या कामगारांना बांधतो, सही केलेल्यांनासुद्धा.

आयटीतली
आम्हाला युनियन करता येते का? माझा फुल अँड फायनल (नोकरी सोडल्यावरचा हिशेब) चार महिने अडकलाय.

लेबर_प्रॅक्टिस
येते. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

चाकण_सेकंडशिफ्ट (बुधवार, २२ फेब्रुवारी)
सोमवारी आयुक्त कार्यालयात पत्र दिलं, आवक क्रमांक पडला. ६ मार्चची तारीख मिळाली, कंपनीलाही बोलावलंय. मशीन एकही बंद नाही, दोन दिवस जेवण सोडलं. १४ जणांनी सही मागे घेतल्याचं पत्र दिलं. एचआरने आधी पोच दिली नाही, मग आम्ही ती पत्रं रजिस्टर पोस्टाने पाठवली. सोमवारी आणखी सहा जणांनी सही केली. त्यातला एक माझ्याच लाईनचा, त्याच्या मुलीची फी भरायची होती. काल कॅन्टीनमध्ये खांबामागच्या टेबलावर एकटा चहा घेत बसला होता. पोरं म्हणतात सही करणाऱ्यांना युनियनमधून काढा.

जुना_फिटर
त्याची या महिन्याची वर्गणी घेतली का?

चाकण_सेकंडशिफ्ट
नाही. कोणी गेलंच नाही त्याच्याकडे.

जुना_फिटर
मग उद्या शिफ्टला तू स्वतः जा, वर्गणी घे आणि पावती फाड. मान्यतेचा अर्ज करताना सहा महिन्यांच्या पावत्या दाखवाव्या लागतील, त्यात त्याचीही हवी. आणि चहा त्याच्याच टेबलावर घे.