अख्खा तागा आधी घेऊ नका

"एकदम जास्त माल घेतला की स्वस्त पडतो, म्हणून आधी तोच भरून ठेवा," असं तुम्ही म्हणता. छोटा जोडधंदा सुरू करताना भांडवल कमी असेल तर नेमकं हेच टाळा, अगदी कळकळीने सांगते. नोकरी सांभाळून कापडी पिशव्या शिवायला लागले तेव्हा मीही कापडाचा अख्खा तागा उचलला होता. पहिल्या गिऱ्हाइकांना गडद रंग हवा होता, माझ्याकडे फिका. तागा कपाटात पडून राहिला. वर्षभराने उलगडला तर घडीच्या रेघेवर रंग उडालेला. पैसा त्यात अडकला आणि चेन, दोरा आणायला हातात काही उरलं नाही. तेव्हापासून दोन नमुने शिवते, दाखवते, निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि मगच कापड आणते.

उधारी शक्यतो नकोच. दिलीत तर वही वेगळी ठेवा.

सूट देतानाही जपा. खर्चावर २५ टक्के चढवून किंमत लावली आणि ओळखीखातर २० टक्के सूट दिली, की नफा शून्य: १०० चे १२५ झाले, १२५ चे २० टक्के म्हणजे २५ गेले. त्या १०० मध्ये स्वतःची मजुरी धरली नसेल तर तुम्ही फुकट राबलात. मला एक पिशवी अर्ध्या तासाची वाटायची. घड्याळ लावून पाहिलं तर बंद लावणं, धागे कापणं, इस्त्री धरून पाऊण तास. त्या दिवशीच मी किंमत बदलली.