शाळेचं गॅदरिंग आणि नांदूरमधमेश्वर, दोन्हीला चालेल असा छोटा कॅमेरा कोणता?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी नाशिकचीच, इंदिरानगर. पर्समध्ये मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, बजेट ३५ हजार, अगदीच ताणलं तर ४०. मोबाईलवर दिवसा फोटो छान येतात त्याबद्दल तक्रार नाही, पण मुलीचं गॅदरिंग असलं आणि मागच्या रांगेतून स्टेजचा फोटो काढला की चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका. शिवाय सासऱ्यांना पक्ष्यांचा भारी नाद, थंडीत नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याची फेरी ठरलेलीच असते, तिथे त्यांनाही वापरता यावा. डीएसएलआर नको, लेन्सची बॅग सांभाळणं आमच्याच्याने होणार नाही.

दोन पर्याय काढलेत. एक कॅननचा एसएक्स ७४०, ४० एक्स झूमवाला. दुसरा सोनी आरएक्स १०० मार्क ३, सेकंडहँड, एक जण २८ हजार म्हणतोय. पण त्याला झूम जेमतेम ३ एक्स! मग लोक त्याचंच एवढं कौतुक का करतात ते कळत नाहीये. ज्यांनी खरंच वापरलेत त्यांनी सांगा प्लीज.

द्राक्षनगरी
ताई, झूमचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, बघा. ७४० मध्ये १/२.३ इंची सेन्सर आहे, सोनीत १ इंची, म्हणजे क्षेत्रफळ साधारण चौपट. त्यात ७४० ची लेन्स पूर्ण झूमला एफ ६.९ वर जाते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), सोनीची टोकाला पण एफ २.८ राहते, नुसत्या लेन्समधूनच सहापट उजेड जास्त. शाळेच्या हॉलमध्ये, जिथे दोन फोकस लाइट आणि बाकी अंधार, तिथे हाच फरक फोटोत दिसतो, ७४० ला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि चेहरे पुसल्यासारखे होतात.

माझ्याकडे कॅनन जी ७ एक्स मार्क २ आहे, तोही १ इंची, झूम २४ ते १०० मिमी (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). भाचीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला कालिदास नाट्यगृहात मधल्या रांगेतून काढले, शटर १/२०० सेकंद ठेवून, हाताच्या मुद्रा स्पष्ट आल्या, घुंगरांवरची चमकसुद्धा दिसते. लांबचं वाटलं तर क्रॉप करायचं, २० मेगापिक्सेलमधून निम्मी रुंदी-उंची ठेवली तरी ५ मेगापिक्सेल उरतात, ४ बाय ६ च्या प्रिंटला ते भरपूर झाले. सोनी ७० मिमीलाच थांबतो म्हणून गॅदरिंगसाठी मी तरी जी ७ एक्सच सुचवेन, सेकंडहँड मिळतो का बघा.

आणि तो पांढरा ठिपका: कॅमेरा अंधारा हॉल बघून एक्स्पोजर वाढवतो, त्यात लाइटमधला चेहरा जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) मायनस एक करा, फ्लॅश बंद. मोबाईलवर पण चेहऱ्यावर बोट टेकवून ब्राइटनेस खाली ओढला की बराच फरक पडतो, कॅमेरा घेईपर्यंत तेवढं करून बघा.

निफाडकर
वरचं गॅदरिंगपुरतं बरोबर आहे पण सासऱ्यांचं काय? चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक आणि तलवार बदकं पाण्याच्या पार मध्यावर बसलेली असतात, तिथे ७० काय आणि १०० काय, नुसते ठिपके येणार. जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतीत काठाशी येतात तेवढ्याच मिळतील. मी ७४० वापरतो. धुकं निवळून ऊन चढलं की फोटो चांगले येतात, ओळख पटवायला तर मस्तच. त्याला एक बटन आहे, पक्षी फ्रेममधून निसटला की ते दाबून धरायचं, झूम मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, परत पहिल्या झूमवर जातो. वयस्कर माणसाला हे फार उपयोगी पडतं.

पण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही हे लक्षात घ्या. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही आणि हात पुढे धरून ४० एक्सला कॅमेरा हलतो, मनोऱ्याच्या कठड्यावर कोपर टेकवूनच काढावं लागतं. रॉ (नंतर जास्त सुधारता येणारी कच्ची फाइल) पण नाही, फक्त जेपेग. संध्याकाळी सूर्य खाली गेला की मी तो बॅगेत ठेवतो.

एकाच कॅमेऱ्यात दोन्ही कामं या बजेटमध्ये होणार नाहीत, कुणी होतात म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

शटर_नाशिक
कॅमेरा रिपेअरिंगचं काम करतो म्हणून सेकंडहँडबद्दल लिहितो. छोट्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त मरते ती आत-बाहेर होणारी लेन्स. चालू करताना कान लावून ऐका, मोटरचा आवाज एकसारखा हवा, करकर आली तर आत धूळ आहे. झूम पूर्ण बाहेर काढून नळी हलक्या हाताने हलवा, अगदी किंचित खेळ चालतो, डुगडुगत असेल तर सोडून द्या. मोबाईलचा टॉर्च तिरका लेन्सवर मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मग एफ ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, काळसर डाग म्हणजे सेन्सरवर धूळ, आणि या कॅमेऱ्यात लेन्स निघत नाही, साफ करायला अख्खा उघडावा लागतो. मार्क ३ चा व्ह्यूफाइंडर वर येतो तो दोन-चारदा वर-खाली करा, स्क्रीनची घडी उघडताना चित्र लुकलुकलं तर आतली रिबन केबल गेलीय समजा. बिल मागा आणि त्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या खालच्या नंबरशी जुळवा. बॅटरी एनपी बीएक्स १, फुगलेली असेल तर खाचेतून अडकत निघते.

जुनं_नाशिक
रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याचा हौद) यातला कुठलाच नेऊ नका. पाणी लांब राहिलं, गुलाल त्या नळीच्या फटीत गेला की लेन्स अर्ध्यात अडकून एरर येते, आमच्या ग्रुपमध्ये झालंय. त्र्यंबक-अंजनेरीला पावसाळ्यात गेलात तर घरी आल्यावर कॅमेरा लेदर केसमध्ये कोंबून कपाटात टाकू नका, तिथेच बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतले की परत चालतात.

गोदाकाठची
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी दुकानात सांगितलं नव्हतं. घरी बोलले. सासरे म्हणाले मला फोटोपेक्षा पक्षी नीट दिसला पाहिजे, मला दुर्बीणच दे. मग आता १ इंचीच घ्यायचा, जी ७ एक्स मार्क २ शोधते. त्यात सेकंडहँड बघताना वेगळं काही तपासायचं का?

शटर_नाशिक
लेन्स, बुरशी, डाग, बिल सगळं तेच. व्ह्यूफाइंडर नाही त्यामुळे तेवढं वाचलं. वर वळणाऱ्या स्क्रीनचा टच चारही कोपऱ्यांत चालतो का बघा, आणि लेन्सभोवतीची रिंग फिरवून सेटिंग बदलतंय का ते पण. बॅटरी एनबी १३ एल, एक जास्तीची घ्याच, गॅदरिंगमध्ये व्हिडिओ काढलात तर एक पुरणार नाही. दुर्बिणीला ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बघा, १० पटीची वयस्कर हातात हलते.